बोल्टावरचा शेंदूर

त्या सकाळी चाळीच्या कंपाउंडमध्ये होतो ते एवढेच. मी. आमचे हे. माझे धाकटे दीर, बस डेपोत मेकॅनिक होते, आता घरीच असतात. माझा मुलगा, डोंबिवलीहून सामानासाठी टेम्पो घेऊन आलेला. आणि बिल्डरचा माणूस, एका हातात आमच्या नवीन खोलीची चावी आणि दुसऱ्या हातात फोन. सहावी ती गाडी. तिला माणसात धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या घरात तिला माझ्या आधी धरतात.

बाकी चाळीत कुत्रंसुद्धा नव्हतं. लालबागची आमची चाळ पाडायला काढली तेव्हा सगळी बिऱ्हाडं एकेक करून ट्रान्झिटला गेली, म्हणजे नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत बिल्डर जिथे ठेवतो तिथे. जाताना लोकांनी दारं नेली, खिडक्या नेल्या, जिन्याचा कठडापण कोणीतरी नेला. पाण्याची लाईन तोडलेली. मी शेजारच्या चाळीतून कळशी भरून आणायची आणि त्या बिनकठड्याच्या जिन्यावरून भिंतीला हात लावत वर चढायची. हे कशापायी, तर खाली उभी असलेली जुनी गाडी चालू होत नव्हती.

ह्यांनी चाळीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "गाडी स्वतःच्या करंटवर गेटाबाहेर जाईल, मगच मी जाईन. तिचा डायनॅमो, तिची वायर, तिचा हॉर्न. बाहेरचा पार्ट लावणार नाही आणि दोरी बांधून टोचनपण लावणार नाही. टोचन भंगाराला लावतात."

मागून कोणीतरी बोललं, "मग काकींना टोचन लावा, त्या तरी पोचतील."

सगळे हसले. मीपण हसले. काय करणार.

आता मला काय पाहिजे होतं ते आधीच सांगते, म्हणजे गाडीची काळजी मला होती असं कोणाला वाटायला नको. मला संडास पाहिजे होता. घरातला. लग्न होऊन आले तेव्हापासून गॅलरीच्या टोकाला जायचं, बालदी घेऊन लाईनीत उभं राहायचं, आत बसलं की बाहेरून कोणीतरी कडी वाजवणार. तरणी होते तोवर चाललं. आता ढोपरं गेली. खाली बसले की उठायला दाराची कडी धरावी लागते, आणि ते दारही शेवटी कोणीतरी काढून नेलं. मी गोणपाट लावून दिवस काढले.

ट्रान्झिटची खोली बघायला मुलगा मला घेऊन गेला होता. मी हॉल बघितला नाही, किचन बघितलं नाही. सरळ आत गेले, दार लावलं, कडी घातली आणि त्या कमोडवर नुसती बसून राहिले.

मुलगा बाहेरून, "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. बसू दे जरा. घाई काय आहे."

त्या जागी बसून असं बोलायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. तर ती खोली तयार होती, चावी बिल्डरकडे होती, आणि मध्ये हे आणि ह्यांची गाडी.

गाडी मूळची आमची नाही. आमच्या बापजाद्यात कोणी हातगाडी घेतली नाही. हे आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तशी परळला एका गॅरेजात लागले आणि गाड्यांची वायरिंग शिकले. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, दिवे, तेवढंच. पगार नावाला. म्हणून घरी काम आणायचे. डायनॅमोच्या आत तांब्याच्या तारेने गुंडाळलेला एक गोळा फिरतो, त्याला आर्मेचर म्हणतात. ते जळकं आर्मेचर घरी यायचं. जळकी तार मी काढायची, नवीन तार मी भरायची, कारण ह्यांची बोटं जाडी. मोरीच्या बाजूला पाय पसरून बसायचं आणि खाचेत तार मोजून बसवत जायचं. मग व्हार्निशमध्ये बुडवायचं आणि जुन्या टोपात झाकून मंद आचेवर भाजायचं. एकच स्टोव्ह. आधी आर्मेचर, मग भात. पोरं व्हार्निशच्या वासाचा भात खाऊन वाढली. शाळेत मुलीला बाईंनी विचारलं, घरी रंगकाम चालू आहे का. ती बोलली, नाही, आई स्वयंपाक करते.

त्या गॅरेजात गिरगावच्या एका डॉक्टरांची गाडी यायची. काळी, विलायती, पुढून बघितली तर चष्मा नाकावर घसरलेल्या मास्तरासारखी. तिच्या करंटचं सगळं हेच बघायचे. डॉक्टर गेले, मुलगा परदेशात, गाडी दारात कुजायला लागली. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बोलावलं, किल्ली हातात दिली आणि विचारलं, "जशीच्या तशी ठेवाल ना हो?"

हे "हो" म्हणाले.

बाईपण गेल्या, त्याला जमाना झाला. पण हे एकदा हो म्हणाले म्हणजे संपलं. देवळात शपथ घेतल्यासारखं. माझ्या बापाने लग्नात मला देताना असंच कायतरी विचारलं असणार. त्याचं ह्यांना काही आठवत नाही, मी एकदा विचारून बघितलं.

गाडी चाळीच्या कंपाउंडात आली, ताडपत्रीखाली राहिली. रविवारी हे तिच्याखाली. पोरांच्या बारशाला तिच्याखाली, माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी तिच्याखाली, आणि आंघोळ करून उशिरा हॉलवर. अधूनमधून चालायची. चालली की भायखळ्यापर्यंत जाऊन परत. मला बसवायचे मागे. पुढे बॅटरीचा डबा ठेवलेला असायचा.

चाळ पडणार हे कळल्यावर लोक तिला बघायला यायला लागले. एक टोपीवाला आला. दादरला राहतो म्हणाला, त्याच्याकडे अशा गाड्या आहेत. आत वाकला, सीटचा वास घेतला. खरंच घेतला, नाक लावून.

"काका, सगळं ओरिजिनल?"

"सगळं," हे म्हणाले.

मी वरून गॅलरीतून बघत होते. ओरिजिनल म्हणे. माझी ढोपरंपण ओरिजिनल आहेत, ती बघायला कोणी टोपी घालून आलं नाही.

टोपीवाला बोलला, मी नेतो. ह्यांनी विचारलं, नेऊन वायरिंगचं काय करणार. तो बोलला, "ते काय, डबे जुने ठेवायचे, आत नवीन सर्किट बसवायचं. बाहेरून कोणाला कळत नाही. सगळे तसंच करतात."

ह्यांनी गाडीवर ताडपत्री ओढली. गेटापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले आणि गेट लावून परत आले.

माझ्या मुलाचंपण तेच म्हणणं. तो तेव्हा रविवारी यायचा आणि बापाच्या बाजूला उभा राहून फोनवर व्हिडिओ दाखवायचा. "बाबा, डायनॅमो काढून टाका, अल्टरनेटर लावू. एलईडी लावू. एका दिवसात गाडी चालू. आई किती दिवस पाणी वाहणार?"

"आई वाहतेय ना. तू कशाला दमतोस?"

असं आहे. मुलाला माझी दया येते आणि तो व्हिडिओ दाखवतो. नवऱ्याला माझी सवय झालेली आहे. कळशी दोघांपैकी कोणी उचलली नाही.

तर दुखणं असं होतं. किल्ली फिरवली की सेल्फने, म्हणजे स्टार्टरने, इंजिन फिरायला पाहिजे. ते फिरायचं नाही. नुसतं टक. दिवे लावले तर तापातल्या माणसाच्या डोळ्यासारखे, उघडे आहेत म्हणायचं एवढंच. बॅटरी नवीन होती, तेवढी एक नवीन गोष्ट ह्यांना चालते. हँडल मारून बघितलं, तरी ठिणगी पडेना. मग हे एकेक जुना पार्ट काढून बसले.

सेल्फ उघडला. डायनॅमो उघडला. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, त्या बारीक पॉलिशपेपरने घासल्या, दोन पट्ट्यांमधली खाच हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडने कोरली. कार्बन झिजलेले. त्या मापाचे कार्बन आता मिळत नाहीत, म्हणून मिक्सरच्या मोटरचे मोठे कार्बन आणून फरशीवर घासून लहान केले. आमची फरशी काळी झाली, पडणारच होती म्हणा. एक काळी डबी असते, डायनॅमोचा करंट बॅटरीत सोडते आणि उलटा येऊ देत नाही. तिचे पॉइंट साफ केले, भिंगातून बघत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा गाडी झाल्यावर काढू म्हणतात.

वायरी तर विचारू नका. जुन्या वायरीवर सुताचं विणलेलं कव्हर असतं, ते कुजून गेलं होतं. आतली तार चांगली होती. ह्यांना प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची नव्हती. एक दिवस मी आंघोळ करून आले तर दोरीवरच्या एकाही परकराला नाडी नाही.

"अहो, नाड्या?"

हे खालून, "पोकळ विणलेल्यो आसत. बरोबर मापाच्यो."

माझ्या परकराच्या नाड्या त्यांनी काळ्या रंगात बुडवल्या आणि आतून वायरी ओवल्या. वरून लाखेचा हात दिला. आजपण बॉनेट उघडलंत तर दिसतील. टोपीवाला परत आला असता तर त्याने त्याचापण वास घेतला असता.

मी नवीन नाड्या आणायला गेले. दुकानदारीण बोलली, "काकी, एवढ्या?" मी बोलले, "घरात दोघींना लागतात."

एवढं सगळं करून, घासून, ओवून, बसवून, किल्ली फिरवली. टक.

तेव्हा भावजी आले. भावजींचा स्वभाव असा की ते येतात, चहा पितात, एक वाक्य बोलतात आणि जातात. त्यांनी चहा प्यायला आणि बोलले, "दादा, अर्थ बघ."

ह्यांनी ऐकलंच नाही असं केलं.

"दादा, अर्थ बघितलास काय?"

"तो बघूचो नाय."

आता अर्थ म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत कळलंय तेवढं सांगते. करंट बॅटरीतून वायरीने जातो, पण परत यायला गाडीत वायर नसते. तो गाडीच्या लोखंडातून परत येतो. त्यासाठी बॅटरीची एक जाड पट्टी लोखंडाला बोल्टाने आवळलेली असते. सगळ्या दिव्यांचा, सेल्फचा, हॉर्नचा करंट तिथूनच घरी येतो. ती जागा चकचकीत पाहिजे, लोखंडाला लोखंड लागलं पाहिजे. गाडीचं कायपण बिघडलं की आधी तिथे बघायचं. हे गॅरेजात नवीन आलेला झाडूवालापण सांगेल. ह्यांना माहीत नव्हतं असं नाही. ह्यांनी कितीतरी लोकांना ते शिकवलं.

पण आमच्या गाडीत तिथे देव बसला होता.

गाडी आली तो पहिला दसरा. हत्यारांची पूजा करायची, गाडीचीपण करायची. हार कुठे घालायचा ते ठरलं. तेलशेंदूर कुठे लावायचा ते ठरेना. डॉक्टरांनी गाडीत गणपती बसवला नव्हता, आणि बाहेरचा गणपती चिकटवला तर गाडी जशीच्या तशी कुठे राहिली. मग हे विचार करून म्हणाले, सगळा करंट जिथे परत येतो तीच गाडीची जागा, तिथेच तिचा राखणदार. गावाला आमच्याकडे असंच असतं. बांधावर एक दगड असतो, त्याला कोणी नाव ठेवलेलं नसतं, तो राखणदार. वर्षाला त्याला तेलशेंदूर.

दर दसऱ्याला हे ती पट्टी सोडायचे, बोल्टाच्या जागेला शेंदूर फासायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, आणि पूजा झाली की पट्टी शेंदरावर परत आवळायचे. पहिली काही वर्षं पट्टी आवळली की शेंदूर दाबून बाजूला जायचा आणि लोखंड लोखंडाला लागायचं. मग थरावर थर चढले. तेलातला शेंदूर सुकला की रंगच तो, लोखंडी पुलाला लावतात तसला. त्यातून मुंगी जात नाही, करंट कुठून जाणार.

भावजी म्हणाले, "दादा, खरवड ता."

"देवाचो शेंदूर खरवडतत? गावात राखणदाराक कोणी ब्रश मारलो?"

"गावातलो राखणदार करंट घेना नाय."

"तुका गाडी चालवची हा की माका?"

भावजींनी कप उलटा ठेवला आणि गेले. हे परत डायनॅमो उघडून बसले. माहीत असून. सगळी गाडी खोलायची, माझ्या नाड्या ओवायच्या, फरशी घासायची, पण ज्या ठिकाणी दुखणं आहे तिथे हात लावायचा नाही. मी भाकरी थापत बघत होते. बायका असं करत नाहीत. बाईला घरात दुर्गंधी आली तर ती आधी मोरी उघडते.

मुलगा बोलला, "आई, तू सांग ना त्यांना."

"मी आजपर्यंत काय सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, ते मला सांग."

तो दिवस उजाडला. बिल्डरचा माणूस चावी घेऊन आला आणि बोलला, "मावशी, आज लास्ट. उद्या मशीन लागणार. आज घेतली नाही तर खोली दुसऱ्या पार्टीला. मला वरून सांगितलंय."

"काकांना सांग."

त्याने काकांना सांगितलं. काका बॉनेटमध्ये. "मशीन लागू दे," म्हणाले. "मी गाडीत बसतो."

बिल्डरचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. अशा वेळी सगळे बाईकडे बघतात. टेम्पोत सामान भरून झालेलं. पाट, डबे, देव्हारा, सगळं दोरीने बांधलेलं. चावी त्याच्या बोटात फिरत होती. त्या चावीच्या पलीकडे माझा संडास होता, कडी असलेला. मी चावीकडे बघितलं आणि मग बॉनेटकडे गेले.

"अहो, सरका."

"काय करतस?"

"गाऱ्हाणा घालतंय."

आमच्या कोकणात देवाला हलवायचा असला, जागा बदलायची असली, घर पाडायचं असलं, की आधी गाऱ्हाणं घालतात. म्हणजे देवासमोर उभं राहून जे काय असेल ते मोठ्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे पुरुषांनी करायचं असतं. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे पान्हा पुसत उभे. भावजींकडे बघितलं, ते म्हणाले, "वहिनी, माका येना नाय." मुलगा डोंबिवलीचा झाला, त्याला काय विचारणार. मग मी पदर खोचला, चप्पल काढली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," भावजी. तेवढं त्यांना येतं.

"ह्या लोखंडावरच्या राखणदारा, इतकी वरसां तू हय बसलंस, दर दसऱ्याक तेलशेंदूर घेतलंस, आमी तुका काय कमी केलंव नाय."

"व्हय म्हाराजा."

"आता बिल्डर तुझी नि आमची दोघांची जागा मोडता हा. आमका ह्याच गाडयेत घालून सुखरूप भायर काढ. त्यासाठी तुका जरा बाजूक सरकाचा लागतला."

"व्हय म्हाराजा." आता मुलगापण बोलला. बिल्डरचा माणूस यूपीचा, त्यानेपण हात जोडले.

"तुझो शेंदूर काढतंय म्हणान कोप करू नको. केलंस तर ह्या म्हाताऱ्यार कर. माझ्यार नको, माझी ढोपरां आधीच गेली हत."

"व्हय म्हाराजा."

हा आवाज ह्यांचा होता. जन्मभर गावाला जत्रेत उभं राहून म्हटलेलं, सवयीने तोंडातून गेलं. कोप कोणावर मागितलाय तेपण त्यांच्या ध्यानात आलं नाही. भावजी हसू दाबायला टेम्पोकडे तोंड करून उभे राहिले.

पण व्हय म्हटलं ते म्हटलं. गाऱ्हाण्यातलं व्हय माघारी घेत नाहीत, आणि हा माणूस तर डॉक्टरीणबाईंचं हो अजून पाळतोय. ते मागे सरकले. पान्हा पुढे केला.

पट्टी मी सोडली. शेंदूर काढायला काही नव्हतं, सगळं बांधलेलं. टेम्पोतल्या गोणीत वरच घावण्याचं उलथनं होतं, लोखंडी. ते घेतलं आणि शेंदराच्या कडेला घालून दाबलं. सुटेना. तव्याला चिकटलेल्या घावण्याला करतात तसं चारी बाजूनी थोडं थोडं उचकटत गेले. मग एकदम अख्खा थर निघाला. तळहाताएवढा, विटेसारखा कडक, मध्ये बोल्टाचं भोक, आणि वरच्या बाजूला पट्टीचा छाप. कडेला थर दिसत होते, एकावर एक. एका थरात झेंडूची पाकळी अडकलेली.

बिल्डरचा माणूस फोन काढून फोटो घ्यायला लागला. मी उलथनं दाखवलं तसा ठेवून दिला.

खाली लोखंड बघितलं तर स्वच्छ. इतक्या वर्षांत गंजाचा ठिपका नाही. ह्यांनी वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बघ. राखल्यान." म्हणजे एवढं सगळं होऊन परत देवच बरोबर.

मग मला बाजूला केलं. पॉलिशपेपर घेतला आणि ती जागा स्वतः घासली, पांढरी होईपर्यंत. कोणाला हात लावू दिला नाही. पट्टी लावली, बोल्ट आवळला, आणि किल्लीजवळ जाऊन बसले. बसले ते बसलेच. किल्ली फिरवेनात. हात किल्लीवर, नजर समोर भिंतीवर. मला वाटलं आता काय झालं. मग कळलं, घाबरलेत. टक वाजलं तर पुढे करायला काही उरलं नव्हतं.

मी मागे जाऊन बसले. "चला," मी बोलले. "मला जायचंय."

"कुठे?"

"तुम्हाला माहीत आहे कुठे."

किल्ली फिरवली. टक झालंच नाही. सेल्फ फिरला, खोकल्यासारखा एकदोनदा, आणि गाडी चालू झाली. समोर एक लाल दिवा असतो. गाडीने वेग घेतला आणि तो विझला तर डायनॅमो चार्ज करतोय असं समजायचं. हे ॲक्सिलेटर देत गेले, त्या दिव्याकडे बघत. विझला. ह्यांनी हॉर्न दिला. रिकाम्या चाळीत कबुतरं उडाली, तेवढीच आता तिथली बिऱ्हाडं. भावजी बोलले, "दादा, थांबव, माका चढू दे," आणि पुढे बसले, बॅटरीचा जुना डबा मांडीवर घेऊन. मुलगा टेम्पोत, त्याच्या बाजूला बिल्डरचा माणूस, चावीसकट. शेंदराचा तो थर ह्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या ओटीत ठेवला. "धरून बस. मोडू नको."

लालबागहून पुलाखालून नायगावाकडे, ट्रान्झिटच्या खोलीकडे निघालो. ह्या गाडीला वळायच्या वेळी बाजूच्या खांबातून एक छोटा हात बाहेर येतो, त्यात दिवा असतो. हे त्याला कान म्हणतात. परळच्या नाक्यावर डावा कान बाहेर आला तो आत जाईना. मग मी खिडकीतून हात काढून तो दाबायचा, परत वळण आलं की परत बाहेर, परत दाबायचा. ओटीत देव, बाहेर हात. एक बाइकवाला जवळ येऊन बोलला, "आजी, हात आत घ्या, तुटेल."

"माझा नाही, गाडीचा आहे. ओरिजिनल आहे," मी बोलले.

भावजी पुढे हसून हसून खोकायला लागले. हे हसले नाहीत. आरशातून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं कायतरी बोलतील. म्हणाले, "उजव्या कानात दिवा लागना नाय."

पोचलो. सामान उतरवायच्या आधी मी चावी घेतली, वर गेले, दार लावलं, कडी घातली आणि बसले. आता घाई कसली. बसले निवांत. बाहेर सामान आपटायचा आवाज, मुलाचा आवाज, भावजी चहा मागतायत. मग दाराजवळ पावलं आली. थांबली.

"अगो."

मी कडी नीट लागलीय ना ते बघितलं.

"अगो, उजव्या कानाचो बल्ब गेलो. लांबट असता, दोन्ही बाजूंनी टोपी. तो आता कोणाकडे गावतलो?"

शेंदराचा तो थर आता देव्हाऱ्यात आहे, गणपतीच्या मागे. समुद्रात सोडा म्हणून भावजींनी सांगितलं, हे ऐकत नाहीत. बोल्टाला आता शेंदूर लावत नाहीत. पुढच्या दसऱ्याला फूल ठेवायचं आणि उचलायचं असं ठरलंय. गाडी खाली उभी आहे. इथल्या पोरांनी तिच्यावर पाठ टेकून फोटो काढले, ह्यांनी हाकललं, आता पोरं लांबून काढतात. रविवारी हे चोरबाजारात जाऊन येतात, हातात चार बल्ब घेऊन, एकपण बसत नाही. आणि रोज, मी आत कडी घालून बसले की दाराबाहेर उभे राहून तेच. गॅलरीच्या संडासात बाहेरून कडी वाजवायचे लोक, तो आवाज बरा होता, त्यांना निदान आत यायचं असायचं.

म्हणून हे वाचणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. तुमच्याकडे, नाहीतर तुमच्या ओळखीत कोणा म्हाताऱ्याच्या डब्यात, जुन्या गाडीच्या कानातला बल्ब पडला असेल, शेंगेतल्या दाण्यापेक्षा जरा लांबट, दोन्ही टोकांना पितळी टोपी, बारा व्होल्टचा, तर तो टाकू नका. आमच्या गेटावर आणून द्या. एलईडी नको. नवीन नको, हे ओळखतात. मला आत शांत बसायचंय.